समुद्र कायले दाखवला

डहाणू
१७ नोव्हेंबर १९७७

बाई,

जयभीम. पाकिटावरचा शिक्का पाहून घाबरू नकोस, आम्ही खुशाल आहोत. दिवाळीच्या सुट्टीत आम्ही दोघं समुद्र पाहायला आलो आहोत. जऊळक्याहून छोट्या गाडीनं अकोला, तिथून भुसावळ, तिथून सुरत आणि सुरतेहून खाली डहाणू. चार गाड्या झाल्या. अंग अजून गाडीत असल्यासारखं हलतं आहे.

हे कसं ठरलं ते मलाही धड सांगता येणार नाही. दिवाळीच्या आधी हे एक दिवस शाळेतून आले आणि म्हणाले, "बारा वर्षं झाली पोरायले भरती-ओहोटी शिकवून राह्यलो, आपण कधी पाह्यली नाही. चल." मला थट्टा वाटली. दुसऱ्या दिवशी पिशवी भरायला सांगितली. सासूबाईंना सांगितलं, शाळेचं काम आहे. शाळेच्या कामाला बायको कशाला, हे सासूबाईंनी त्यांना विचारलं नाही, मला विचारलं. मी पिशवी भरत राहिले.

आजचा दिवस तुला पूर्ण सांगते. नऊ वर्षांच्या संसारात असा दिवस मला मिळाला नव्हता.

सकाळी गेलो तर पाणीच नव्हतं. नजर जाईल तिथवर ओला चिखल, मधेमधे काळे खडक, आणि होड्या कलंडून पडलेल्या, बैल सोडलेल्या बंड्यांसारख्या. मी म्हटलं, हाच का समुद्र, आपली पैनगंगा याच्याहून भरलेली असते. हे हसले. म्हणाले, ही ओहोटी, आता थांब. मग आम्ही थांबलो. बाई, थांबण्याशिवाय दुसरं काम नाही असं मला कधी आठवत नाही. सुरूच्या झाडाखाली चहा घेतला. चिकू खाल्ले, मी एकटीनं पाच. आपण दोरीवर लुगडी वाळत घालतो तसे इथं बायका मासे वाळत घालतात. वासानं आधी नाक धरलं, नंतर सवय झाली.

दहाच्या सुमाराला पाणी यायला लागलं. धावून येत नाही, बोलत बोलत येतं. पोटरीपर्यंत पाण्यात उभी राहिले तर पायाखालची वाळू सरकली, आणि मी चारचौघांत यांचा हात धरला. त्यांनी सोडवला नाही.

दुपारी यांना इथल्या एका ओळखीच्या मास्तरांना भेटायचं होतं. "पूर्ण भरती यायच्या आत येतो," म्हणाले, आणि मला तिथंच झाडाखाली गंगू नावाच्या मासळीवालीपाशी बसवून गेले. गंगू मोठी बोलकी. मला म्हणते, तुमच्याकडं समुद्र नाही तर बायका कुणाकडं बघत बसतात? मी म्हटलं, आमच्याकडं बसायला कोणी सांगत नाही.

अकोल्याच्या डॉक्टरीणबाईंच्या पुड्या सोबत आणल्या आहेत. अकरा महिने झाले, एक दिवस चुकवला नाही. दुपारी पुडी उघडली तर हे म्हणाले, आज राहू दे, एक दिवस नको घेऊ. पण मी घेतली. एवढ्याशा आळसानं इतक्या दिवसांचं वाया जायचं.

तुझ्या पोरींसाठी शिंपल्या घेतल्या आहेत. हे म्हणाले होते की इथं आल्याचं कोणाला लिहू नकोस. तू काही कोणी नाहीस, म्हणून लिहिलं.

तुझी वच्छी


रिठद
२५ नोव्हेंबर १९७७

वच्छे,

तुले जयभीम. तुहं पत्र मी दोनदा वाचलं, मंग आमच्या मालकाले, जानरावले, वाचून दाखवलं. थे म्हणाले, मास्तर शौकीन निंघाले. मी हासली नाही.

मले सांग, आपल्या घरात कोन्या माणसानं बायकोले समुद्र दाखवला? आपल्या बापानं मायले रिसोडचा बजार नाही दाखवला. माणूस बायकोले खुश करते थे दोन वेळा. काही चुकलं असलं तं, नाहीतं काही मांगायचं असलं तं. मास्तरानं समुद्र कायले दाखवला, हे तू त्यायले विचारलं का? का चिकूच खात बसली?

मी लिवणार नव्हती, पण आता लिवतो. तुही सासू गोजराबाई मागच्या महिन्यात मेहकराकडं पोरगी पाहून आली. आमच्या गल्लीतल्या प्रयागबाईचं माहेर तिकडचं हाय, तिनं डोळ्यानं पाह्यलं. पोरगी अठरा-एकोणीसची, घरची गरिबी, दुसरेपणावर द्याले तयार. तुह्या सासूनं तिथं सांगतलं, का पोराले म्या विचारलं तं थो "पाहू" म्हणाला. नाही म्हणाला नाही, वच्छे. "पाहू" म्हणाला.

मास्तरले सरकारी नोकरी हाय. पहिली घरात असतानी दुसरी आणता येत नाही, नोकरी जाते. म्हणून लोक आंधी पहिलीकून लिवून घेतात, का मले लेकरू होत नाही, माही हरकत नाही. तिले गोड बोलून, लुगडं घेऊन, फिरवून आणून लिवून घेतात. तुले लुगड्याच्या जागी समुद्र भेटला, मले तं असंच दिसून राह्यलं.

आता सांग. डहाणूत मास्तरच्या वळखीचा मास्तर कोण? त्याचं नाव काय? मास्तर किती वेळ गेलते? आणि पुडी नको घेऊ काहून म्हणाले? ज्याले बायकोचं लेकरू पाह्यजे थो असं म्हणन का?

कोन्याही कागदावर सही करजो नको. आणि कार्ड टाकजो नको, आमचा पोस्टमन गावाले वाचून दाखवते. निळं पत्र टाकजो.

लिला


जऊळका
१ डिसेंबर १९७७

बाई,

तुझं पत्र वाचून मला तुझाच राग आला. दोन दिवस उत्तर लिहिलं नाही. हे घरात नेहमीसारखेच आहेत. सकाळी पाणी भरून देतात, संध्याकाळी वह्या तपासतात. माझ्यासमोर कोणताही कागद ठेवला नाही. सासूबाई मेहकराकडं गेल्या होत्या हे खरं. मला सांगितलं होतं की कोणाच्या मातीला जाते.

मी यांना सरळ विचारलं, सासूबाई म्हणतात त्याचं काय? हे वहीतून मान वर न करता म्हणाले, "तिले म्हणू दे." एवढंच. तुझ्या डोळ्यांनी पाहिलं तर हेही वाईट दिसेल. माझ्या डोळ्यांनी मला काहीच दिसेनासं झालं आहे.

तू विचारलंस म्हणून जे लिहिलं नव्हतं ते लिहिते.

हे गेले ते तीन तास आले नाहीत. पाणी वर चढून होड्या सरळ झाल्या, परत उतरायला लागलं, तेव्हा आले. मास्तरांचं नाव विचारलं तर म्हणाले, तू ओळखत नाहीस. अंगाला दवाखान्याचा वास येत होता, तो फरशी पुसायच्या औषधाचा असतो तसला. सदऱ्याची बाही खाली केलेली, आणि कोपराच्या आत कापसाचा बोळा चिकटवलेला. मी विचारलं तर म्हणाले, वाटेत भोवळ आली, दवाखान्यात जाऊन रक्त दाखवलं, काही नाही. मला आधी वाटलं, यांना काही मोठा आजार आहे आणि माझ्यापासून लपवतात. ते मनात धरूनच मी गाडीत बसले. तुझं पत्र आलं नसतं तर अजून तेच धरून बसले असते.

आणखी एक आहे. ते माझं आहे. गंगूनं विचारलं, पोरं किती? तिथं मला कोण ओळखत होतं. मी म्हटलं, दोन. एक मुलगा, एक मुलगी. ती म्हणाली, कुणापाशी ठेवली? मी म्हटलं, आजीपाशी. मग ती त्यांचं खाणंपिणं, शाळा विचारत गेली आणि मी सांगत गेले. बाई, मला एकदाही अडखळायला झालं नाही. तीन तास मी दोन लेकरांची आई होते. हे परत आले तेव्हा गंगू त्यांना म्हणाली, पोरांसाठी खाऊ घ्या हो मास्तर. यांचा चेहरा एकदम उतरला. मला वाटलं, माझं खोटं कळलं म्हणून उतरला.

तू म्हणतेस तसं काही असेल असं मी मानत नाही.

वच्छी


रिठद
७ डिसेंबर १९७७

वच्छे,

काल सहा डिसेंबरचा कार्यक्रम होता, लोक होते, म्हणून आज लिवतो.

तू मानत नाही तं नको मानू. पण माह्यासारख्या अडाणी बाईले एवढं कळते, का भोवळ आलेला माणूस तीन तास लपत नाही. चार गाड्या बदलून माणूस परमुलखात जाते आणि तिथं दवाखान्यात जाते, थे कायच्यासाठी? दवाखान्यात एक तं बिमार जाते, नाहीतं बाळंतीण जाते. मास्तर बिमार नाहीत, तूच म्हणते का पाणी भरून राह्यले. मंग दवाखान्यात कोण होती? लेकराच्या खाऊचं नाव काढल्यावर मास्तरचं तोंड काहून उतरलं?

मले वाटते, मेहकराची पोरगी नुस्ती सासूची हाव हाय. मास्तरचं आंधीच कुठं तरी जमलं असन. म्हणून थे तिकडं "पाहू" म्हणतात आणि तुले "नको घेऊ पुडी" म्हणतात. तुहं लेकरू त्यायले आता नकोच हाय.

मास्तर लोक समदं कागदावर ठेवतात. त्यायची पेटी पाह्य.

लिला


जऊळका
१३ डिसेंबर १९७७

बाई,

मी पेटी शोधत नव्हते, असं लिहिणार होते. शोधतच होते. हे शाळेत होते, सासूबाई उन्हात बसल्या होत्या. पेटीत तळाला भूगोलाचं जुनं पुस्तक आहे, त्यात एक कागद घडी घालून ठेवला होता. जसा आहे तसा उतरवून पाठवते.

"दाखला देण्यात येतो की, श्री. शेषराव भिवाजी इंगोले, धंदा शिक्षक, यांस एक मुलगा वय वर्षे सात व एक मुलगी वय वर्षे चार अशी दोन अपत्ये हयात आहेत. मागणीवरून दाखला दिला असे."

खाली सरपंचाची सही आणि गोल शिक्का. शिक्का पुसट आहे, गावाचं नाव लागत नाही. जऊळका नाही एवढं नक्की. तारीख ४ ऑक्टोबर १९७६. नाव आणि दोन्ही वयं यांच्या अक्षरात लिहिलेली. हे सात कसा काढतात ते मी झोपेतही ओळखीन.

मुलगा सात वर्षांचा म्हणजे आमच्या लग्नाला वर्ष झालं तेव्हाचा. मुलगी दुष्काळाच्या सालची. त्या साली हे तीन महिने दुष्काळी कामावर मजुरांच्या हजेरीचं मस्टर लिहायला बाहेर होते. आठवड्याला येतो म्हणायचे आणि महिन्याला यायचे. आणि मागच्या साली ऑक्टोबरात, याच तारखांना, हे आठ दिवस मालेगावला देवमन मास्तरांकडं राहिले होते. सरकारी काम आहे म्हणाले होते. सगळं जुळतं. मला वाटत होतं, कुठं तरी एक तारीख चुकेल. चुकत नाही.

समुद्रावर मी खोटी लेकरं सांगितली. यांची सरपंचाच्या शिक्क्यात आहेत.

कागद परत घडी घालून ठेवला. यांना काही विचारलं नाही. विचारलं आणि हो म्हणाले तर मी कुठं उभी राहू? तू म्हणशील तर रविवारच्या मोटारीनं तुझ्याकडं येते. आले तर परत जायला नको म्हणून सगळं घेऊनच येईन.

वच्छी


रिठद
१६ डिसेंबर १९७७

मास्तर,

लिलाबाईचा जयभीम. हे पत्र शाळेच्या पत्त्यावर टाकून राह्यली, वच्छीले ठाऊक नाही.

तुमच्या पेटीतला सरपंचाचा दाखला तिनं पाह्यला. एक मुलगा, एक मुलगी. सात वर्षं, चार वर्षं. आता तुमी सांगा, थे लेकरं कोन्या गावची आणि कोणाच्या पोटची. माह्या बहिणीनं नऊ वर्षं तुमच्या मायची बोलणी खाल्ली. वांझ म्हणून लग्नात ओटी भरू देत नव्हत्या, तरी तोंडातून शब्द नाही काढला. तिले थांबवून ठेवलं हाय म्या, नाहीतं ती याच रविवारी पेटी घेऊन आली असती.

आठ दिवसांत उत्तर पाह्यजे. नाहीतं मी आणि जानराव तुमच्या शाळेत येऊन पोरायसमोर विचारतो.

लिलाबाई


जऊळका
२० डिसेंबर १९७७

सौ. लिलाबाई यांस,

शेषरावचा जयभीम. तुमचं पत्र मिळालं. उत्तर लांब आहे, पण सरळ आहे.

ती दोन लेकरं कोणत्याही गावची नाहीत. ती फक्त त्या कागदावर आहेत. वयं मीच लिहिली.

मागच्या साली आम्हा मास्तरांना नसबंदीच्या दोन-दोन केसेस आणायचा हुकूम होता, हे तुम्हाला ठाऊक आहे. केस आणली नाही तर पगार नाही. माझा तीन महिने बंद होता. घरी मी सांगितलं की पगारबिलात चूक झाली आहे. एक केस मिळाली, शाळेमागचे रामराव, पाच लेकरांचे बाप, ते आपण होऊन आले. दुसरी मिळेना. शेवटच्या दिवशी आमच्या स्टेशनवरचा हमाल गोविंदा याचं नाव वरच्या माणसानं माझ्या यादीत घातलं. गोविंदाचं लग्न होऊन दोन महिने झाले होते. शिबिरात सरपंचाच्या सही-शिक्क्याचे कोरे दाखले गठ्ठ्यानं ठेवलेले असत. नाव आणि अपत्ये आपण भरायची. मी गोविंदाचा दाखला भरायला घेतला आणि तेवढ्यात कळलं की तो पळाला. मी त्याच्यावर दया केली असं लिहिणार नाही. तो असता तर मी तो दाखला भरला असता की नाही, हे मला आजही सांगता येत नाही.

मग त्या कोऱ्या दाखल्यावर मी माझं नाव लिहिलं. लेकरू नसलेल्याला घेत नव्हते, म्हणून दोन लेकरं लिहिली. मनात एवढंच आलं की आठ वर्षांत झालं नाही, आता कुठलं होतं. ते मी एकट्यानं ठरवलं. तिला विचारायला घरी जायला दीड तास लागला असता.

ऑपरेशननंतर आठ दिवस देवमन मास्तरांकडं पडून होतो. घरी आलो तेव्हा सांगेन म्हटलं. सांगितलं नाही. मग जानेवारीत तिला कोणी तरी अकोल्याच्या डॉक्टरीणबाईंचं सांगितलं. ती इतकी आनंदात होती की मला तोंड उघडता आलं नाही. दर महिन्याला गाडीची तिकिटं मीच काढली आणि तिला घेऊन गेलो. याबद्दल मला आणखी लिहायला लावू नका.

यंदा सरकार बदललं आणि ऐकलं की ज्यांना नस परत जोडून घ्यायची आहे त्यांनी घ्यावी. देवमन मास्तरांनी डहाणूच्या बाजूच्या एका डॉक्टरांचं नाव दिलं. समुद्राचं निमित्त केलं ते त्यासाठी. तीन तास तिथंच होतो. डॉक्टर म्हणाले, जोडता येईल, पण लेकरू होईलच असं नाही, तिघांत एकाला गुण येतो. उन्हाळ्याच्या सुट्टीत या. आणि म्हणाले, बायकोला घेऊन या, तिला सगळं माहीत असल्याशिवाय मी हात लावणार नाही. मी त्यांना सांगितलं नाही की ती अर्ध्या कोसावर सुरूच्या झाडाखाली बसली आहे.

आईनं दुसऱ्या लग्नाचं काढलं तेव्हा मी "पाहू" म्हणालो, कारण नाही म्हटलं तर ती कारण विचारते.

एक विनंती. हे वच्छलाला तुम्ही सांगा. तुमचं ती ऐकून घेईल. मी तीनदा सुरुवात केली, तिन्ही वेळा वह्या काढून बसलो.

आणखी एक गोष्ट मी तिला सांगणार नाही. तुम्हालाच सांगावीशी वाटली तर सांगा.

शेषराव


रिठद
२४ डिसेंबर १९७७

वच्छे,

मास्तरचं पत्र यात ठेवलं हाय. आंधी थे वाच, मंग हे.

वाचलं? आता शेवटची ओळ काय हाय थे मी सांगतो. मास्तरानं नाही लिवलं, म्या लिवलं पाह्यजे.

मागच्या साली, दसऱ्याच्या आंधी, मास्तर आमच्या दारात आले होते. मले बाजूले घेऊन म्हणाले, लिलाबाई, जानरावले चार लेकरं झाले, थे शिबिरात आले तं माहं काम होते, त्यायलेही त्रास नाही. जानराव वावरात होते. म्या सांगतलं, थे परगावी गेले, महिना नाही येत. आणि मास्तर पाठमोरे झाल्याबरोबर जानरावले निरोप धाडला का चार दिवस वावरातच राह्यजा. भाकर मी तिथं नेऊन देत होती. लोक म्हणत, तसल्या माणसाच्या अंगात नांगर धराचं बळ राहात नाही. मले भेव वाटलं. मास्तरले म्या पाणीसुद्धा विचारलं नाही. जातानी वाटेत त्यायनं वावरात जानरावले पाह्यलं असन, आमचं वावर रस्त्यालेच हाय. वळून आले नाही, काही बोलले नाही.

वरीसभर म्या तुले हे सांगतलं नाही. आणि मास्तरवर शक घ्याले मी सगळ्याच्या पुढं. कदाचित याच्यामुळंच पुढं असन.

तुले यायचं असन तं ये. खोली झाडून ठेवली हाय. जानराव म्हणतात, मीच घ्याले जातो. पण मास्तर वाईट हाय असं मी आता तुले सांगणार नाही. आणि चांगला हाय असंही नाही. थे तूच पाह्य. माह्याबद्दल काय वाटते थे लिवजो.

लिला


जऊळका
१५ जानेवारी १९७८

बाई,

उत्तराला उशीर झाला. कोणाशीच बोलत नव्हते, तुझ्याशी तरी कशी बोलणार.

यांचं पत्र मी वाचलं आणि हे वह्या तपासत बसले होते तिथं वह्यांवर नेऊन ठेवलं. मी ऑपरेशनचं काही विचारलं नाही. एकच विचारलं, "मी पुडी घेत होते तेव्हा दर वेळेला तुमाले ठाऊक होतं?" ते म्हणाले, "हो." त्यानंतर मी त्यांच्याशी बोलले नाही. जेवायला वाढत होते, पाणी देत होते. अठरा दिवस.

बाई, पगार बंद होता, माणूस भेला, हे मला समजतं. माझ्यावरही कोणी शिक्का मारायला आलं असतं तर मीही भेले असते. पण डॉक्टरीणबाई मला दर महिन्याला विचारायच्या, मालकाला तपासलं का? मी म्हणायची, त्यांच्यात काही दोष नाही, ते मास्तर आहेत. माझ्या या बोलण्यावर सगळा दवाखाना हसायचा. आणि हे बाहेर बाकावर बसलेले असायचे.

या आठवड्यात मेहकराची माणसं आली. पोरीचा मामा आणि दोन म्हातारे. सासूबाईंनी मला न सांगता बोलावली होती. यांना शाळेतून निरोप धाडून आणलं. सासूबाई मला म्हणाल्या, चहा टाक. मी चुलीपाशी बसले होते ती उठले आणि दारात येऊन उभी राहिले. परक्या पुरुषांसमोर मी कधी बोलले नव्हते. म्हटलं, "आधी मास्तर काय सांगायचं थे सांगतील. मंग चहा होईल."

हे कोपऱ्यात उभे होते. मला वाटलं, आताही वही शोधतील. पण बोलले. म्हणाले, "माहं ऑपरेशन झालं हाय. मागच्या साली. म्या स्वतः करून घेतलं, हिले विचारलं नाही. या घरात लेकरू नाही होणार तं थे माह्यापायी." मामा म्हणाला, मंग आमाले कायले बोलावलं? यांनी सांगितलं, मी बोलावलं नाही, पण तुमची माफी मागतो. माणसं चहा न घेता गेली. मामा जाताना मला नमस्कार करून गेला, का ते कळलं नाही.

सासूबाईंनी आधी खोटं म्हटलं. मग यांच्या पाठीत दोन बुक्क्या मारल्या आणि खाली बसून रडल्या, माह्या पोराले कोणं असं केलं म्हणून. मला त्या अजून काही बोलल्या नाहीत. माफी मागणार नाहीत, ते मला माहीत आहे. पण काल पाहुण्या बायका आल्या तेव्हा कोणी तरी माझ्याबद्दल नेहमीचा शब्द काढला, तर सासूबाई म्हणाल्या, तुमी आपलं पाहा.

तू तुझ्याबद्दल विचारलंस. जानराव भाऊजींना लपवलंस, त्याचा मला राग नाही. तुझ्या जागी असते तर मीही लपवलं असतं, आणि वावरात भाकर नेऊन दिली असती. मला सांगितलं नाहीस, त्याचा आहे. तो जाईल. तो गेल्यावर तुला कळवीन, तोवर उगाच विचारू नकोस.

परवा मी यांच्याशी बोलले. डहाणूच्या डॉक्टरांकडं जायचं असेल तर मे महिन्यात मी सोबत येईन, आणि डॉक्टरच्या खोलीत आधी मी एकटी जाईन. मला जे विचारायचं आहे ते मी विचारीन. करायचं की नाही ते बाहेर येऊन मी सांगीन. तुमच्या अंगाचं आहे, दुखणं तुमचं आहे, पण या वेळी ठरवणार मी. हे म्हणाले, "बरं." मग थोड्या वेळानं म्हणाले, तिकिटं कधी काढू?

मी अजून उत्तर दिलं नाही. चार महिने आहेत. ठरलं की सांगीन, डहाणूची दोन काढा, नाहीतर रिठदचं एक.

वच्छला